कुंडीच्या तळाचं पाणी

आमचे हे कंपाउंडर. एकाच दवाखान्यात, एकाच डॉक्टरांच्या हाताखाली एकतीस वर्षं. लोक त्यांना 'कंपाउंडर' म्हणतात आणि मला कंपाउंडरीणबाई, जशी काही मीच गोळ्या बांधून देते. मी आपली घरी बसून पँटची उंची कमी करते, चेन बदलते, कोटांना अस्तर लावते. पण आमच्या घरात आजारपणाचं बोलणं इतकं, की लोक पँट द्यायला येतात आणि जाताना खोकल्याचा सल्ला घेऊन जातात.

यांचं सगळं वेळेवर आणि मापात. चहात साखर घालताना चमचा डोळ्यांसमोर धरून सपाट करतात. स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर चिठ्ठी आहे. डोक्याला लावायच्या तेलाच्या बाटलीवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं लिहिलंय. घरात माणसं दोन, तेल पिणार कोण? पण बोलायची सोय नाही. बाटलीचा विषय निघाला की यांचा चेहरा उतरतो, आणि त्याला कारण आहे.

अकरा वर्षांपूर्वी यांच्या हातून एकदा बाटली चुकली. मोठ्या माणसाचं खोकल्याचं औषध एका लहान मुलीच्या आईच्या हातात गेलं. नशीब, त्या बाईनं दारातच चिठ्ठी वाचली आणि ती परत फिरली. कुणाला काही झालं नाही. डॉक्टरांनी बाटली बदलून दिली आणि पुढचा पेशंट आत घेतला. एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं हे आजही म्हणतात. चार दिवस यांच्या घशाखाली घास उतरला नाही. पाचव्या दिवसापासून दवाखान्यात दिसेल ते काम करत सुटले. बाकं पुसली, पडदे धुतले, आणि एक पाटी लावली.

पाटीचं सांगते. बाहेरच्या खोलीत, पेशंट बसतात तिथं, पाण्याचा जग आणि स्टीलचे पेले असतात. तिथल्या तिथं गोळी घ्यायची तर दोन घोट पाणी पुरतं, उरलेला अर्धा पेला लोक बेसिनमध्ये ओतायचे. त्याच महिन्यात कुणा बऱ्या झालेल्या बाईनं डॉक्टरांना एक झाड आणून दिलं होतं. पीस लिली म्हणतात त्याला. लांब, गर्द हिरवी पानं, मधूनच एक उंच दांडा, आणि त्यावर पांढरं फूल, कुणी चमचा उभा धरावा तसं. डॉक्टरांनी ते पांढऱ्या चिनी मातीच्या मोठ्या कुंडीत बसवून जगाच्या शेजारी ठेवलं होतं. यांनी लाल शाईनं पाटी लिहिली, 'उरलेले पाणी फेकू नये. कुंडीत घालावे. आज्ञेवरून.' आज्ञा कुणाची, ते विचारू नका. डॉक्टरांनी पाटी वाचली, अक्षर छान आहे म्हणाले आणि आत गेले.

आणि त्याच आठवड्यात ते सुरू झालं. तोवर हे आणि डॉक्टर संध्याकाळी बरोबरच बाहेर पडायचे. आता डॉक्टर म्हणायला लागले, तुम्ही व्हा पुढे, मी पाच मिनिटांत निघतो, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून जा. वीस वर्षं ती किल्ली यांच्या खिशात असायची. बाटली चुकली, तोंडानं काही बोलले नाहीत, आणि किल्ली मात्र मागून घेतली. याचा अर्थ काय होतो? यांनी काढला तोच मी काढला. हे बाहेर पडले की डॉक्टर कपाट उघडून बघतात, कुठली बाटली कुठं ठेवलीय ते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, इतकी वर्षं राबलात आणि एका बाटलीपायी रोजची झडती? हे म्हणाले, झडती नाही गं, खात्री करून घेतात. पण आवाज पार बसला होता.

एका गोष्टीचा तेवढा आम्हाला तेव्हा पत्ता लागला नाही. त्या कपाटात कान धुवायची एक स्टीलची पिचकारी असते, चांगली जाडजूड. रोज सकाळी हे दवाखाना उघडायचे तेव्हा ती बेसिनच्या कडेला ओली पडलेली असायची. हे ती उकळून, पुसून पुन्हा कपाटात ठेवायचे. आदल्या दिवशी एकाचाही कान धुतलेला नसायचा. मग दवाखाना बंद झाल्यावर डॉक्टर कुणाचे कान धुतात? मी म्हटलं, स्वतःचेच धूत असतील, तरीच तुमचं म्हणणं त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. हे हसले नाहीत.

अकरा वर्षं ही अढी आम्ही दोघांनी जपली, रोज जेवायला बसलो की तिचंही पान मांडायचं. यांच्यापेक्षा माझीच जास्त. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या मुलीचं लग्न झालं. डॉक्टर स्वतः घरी येऊन बोलावून गेले. मी गेले नाही आणि यांनाही जाऊ दिलं नाही. मला ताप आलाय असा निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वतःच्या घरी पाहुण्यांची गर्दी असताना, डॉक्टर बॅग घेऊन आमच्या दारात. मी मशीनवरून उठून कशीबशी पांघरुणात शिरले. त्यांनी थर्मामीटर लावला, उजेडात धरून बघितला, झटकला. उतरलाय, विश्रांती घ्या वहिनी, म्हणाले आणि चार गोळ्या ठेवून गेले. त्या गोळ्या तापाच्या नव्हत्या, साध्या ताकदीच्या होत्या, हे यांनी मला नंतर सांगितलं.

आता या वर्षीचं. डॉक्टर न्हाणीघरात घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आणि मुलगी त्यांना अडीच महिन्यांसाठी आपल्या घरी घेऊन गेली, दुसऱ्या गावी. दवाखान्यात बदली डॉक्टरीण यायला लागली. पोरगी हुशार, पण सातच्या ठोक्याला पर्स उचलणारी. डॉक्टर रोज संध्याकाळी फोन करायचे. पहिलं विचारायचे पेशंट कसे आहेत, दुसरं विचारायचे झाड कसं आहे.

तिसऱ्या आठवड्यात झाडानं मान टाकली. सगळी पानं कुंडीच्या कडेवरून खाली लोंबायला लागली. अंगातलं पाणी कमी झालं की माणूस असाच गळतो, हे यांचं एकतीस वर्षांचं निदान. लगेच उपचार सुरू. पेशंट पेल्यातलं घालतच होते, वर यांचा एक पेला सकाळी, एक दुपारी, एक संध्याकाळी. कुंडीवर तशी चिठ्ठीसुद्धा डकवली. पानं आणखी पडली, टोकं तपकिरी झाली. मग यांनी काय करावं? जुलाब झालेल्या पोरांना देतात ती मीठ-साखरेची पूड, एका पाकिटाला एक लिटर पाणी, नीट ढवळून झाडाला पाजली. दोन दिवस. मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

शेजारीण म्हणाली ऊन दाखवा. उन्हात ठेवलं तर दोन पानं भाजून कागदासारखी झाली. बदली डॉक्टरीण म्हणाली, पाणी जास्त होत असेल. हे म्हणाले, ती नवीन आहे, अकरा वर्षं एवढंच पाणी पडतंय, तेव्हा कसं टवटवीत होतं? तेही खरंच होतं. दोन दिवस पाणी बंद ठेवून बघितलं, काही फरक नाही. पुन्हा सुरू केलं, काही फरक नाही. पानं बघावी तर तहानलेली आणि माती चाचपावी तर ओलीचिंब. मी एकदा बघायला गेले तेव्हा माझीही मती गुंग झाली. झाड नक्की काय मागतंय, तेच कळेना.

आणि फोनवर हे काय सांगत होते? छान आहे. डॉक्टर विचारायचे, पानं पिवळी नाहीत? नाहीत. लोक पाणी घालतात अजून? घालतात की, पाटी आहे ना. आणि तरीही छान आहे? हो. यावर डॉक्टर म्हणायचे, आश्चर्य आहे. घरी येऊन हे तो एक शब्द चघळत बसायचे. आश्चर्य म्हणे. म्हणजे माझ्या हातून एक झाड जगेल असंसुद्धा त्यांना वाटत नाही.

डॉक्टर एक तारखेला परत येणार होते. हे रोज कॅलेंडर बघत होते. एकदा जेवता जेवता हात थांबवून म्हणाले, "मेलेलं झाड बघितलं की त्यांचा जो संशय आहे, तो पक्का होईल. मग मी निवृत्त झालो काय आणि राहिलो काय." मला भांडायचं होतं, पण त्यांच्याकडे बघून भांडणच सुचेना. मी म्हटलं, घेऊन या घरी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे झाड घेऊन आले. पेशंटांना दिसू नये म्हणून वरून तपासायच्या टेबलावरची चादर घातलेली. चालत आले होते, छाती भात्यासारखी चालली होती. मशीनच्या बाजूला ठेवताना म्हणाले, भलतंच जड झालंय. मी म्हटलं, आजारी माणूस हलका होतो, झाड जड कसं होईल? म्हणून मी वरची पानं बाजूला केली आणि बुंध्याशी हात घातला. तेव्हा कळलं, चिनी मातीच्या कुंडीच्या आत एक काळी प्लास्टिकची कुंडी आहे. झाड त्या आतल्या कुंडीत. अकरा वर्षांत हे यांनी बघितलं नव्हतं, कारण कुंडी पुसायची ती बाहेरून. मी आतली कुंडी धरून वर ओढली. सुटेना. जोर लावला तेव्हा चुळूक आवाज करून ती निघाली, आणि जो काही वास सुटला, बाई बाई. काळं पाणी सांडलं ते नेमकं एका गिऱ्हाइकाच्या, नुकत्याच इस्त्री केलेल्या करड्या पँटवर.

मी तोंड उघडलं होतं, पँटसाठी. पण आधी मोठ्या कुंडीत बघितलं. वीतभर पाणी होतं आत. बाहेरच्या कुंडीला भोकच नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "हे तहानलेलं नाही. हे बुडतंय."

यांना पटेना. बुडतंय तर पानं वाळतात कशी? मी आतलं ढेकूळ उपडं केलं आणि मुळं दाखवली. तपकिरी, बुळबुळीत, चिमटीत धरली की साल हातात यायची. पाणी गळ्यापर्यंत, आणि प्यायला तोंडच उरलेलं नाही. हे खाली बसले. माझी लहान कात्री मागितली, ती स्पिरिटनं पुसली आणि कामाला लागले. सडलेलं एकेक मूळ कापलं, कुजलेली पानं बुंध्यापासून काढली. यांचा हात तसा सफाईचा आहे, ते मी मान्य करते. पांढरी, टणक अशी मुळं शेवटी मूठभरही राहिली नाहीत. ती धुऊन, भोकं असलेल्या एका लहान कुंडीत, वाळू मिसळलेल्या नव्या मातीत लावली. पानं उरली पाच. खिडकीपाशी ठेवलं, जिथं उजेड येतो पण ऊन येत नाही, आणि पाण्याचा जग मी कपड्यांच्या कपाटात दडवला. कारण माझा यांच्यावर भरवसा नव्हता.

मग आम्ही दोघं त्या रिकाम्या चिनी मातीच्या कुंडीकडे बघत बसलो. तळाशी औषधाच्या बाटल्यांची चार झाकणं चिकटवलेली होती, आतली कुंडी तळाला टेकू नये म्हणून. ती कुणी चिकटवली? आणि अकरा वर्षं रोज तेवढंच पाणी पडत होतं, तर तेव्हा झाड का नाही बुडालं? हे म्हणाले, हवेचा परिणाम असेल. मी म्हटलं, हवा काय कुंडीत उतरून पाणी पिऊन जायची? रात्रभर मला तेच. सकाळी यांना म्हटलं, हे कोडं आपल्याच्यानं सुटायचं नाही, डॉक्टरांना विचारा. हे म्हणाले, विचारायचं तर आधी खरं सांगावं लागेल. मी म्हटलं, मग सांगा.

संध्याकाळी फोन आला तेव्हा हे घरीच होते. मी मशीन थांबवलं. यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला, बहुतेक एकट्यानं ऐकायचं धैर्य नव्हतं.

"डॉक्टर, झाड बरं नाही," हे म्हणाले. "महिना-दीड महिना बरं नव्हतं. मी रोज खोटं सांगत होतो."

मग डॉक्टर म्हणाले, "कुंडीत पाणी साचलं का?"

यांनी माझ्याकडे बघितलं. हो म्हणाले.

"म्हणजे साचतंच तर. तुम्ही रोज छान म्हणत होतात, मला वाटलं अकरा वर्षं मी उगाचच पिचकारी मारत बसलो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाटी लागली आणि चार दिवसांत कुंडीत पाणी साचायला लागलं. मोठी कुंडी उचलणं त्यांच्याच्यानं होईना. म्हणून रोज हे गेले की कपाट उघडायचं, कान धुवायची पिचकारी काढायची, दोन कुंड्यांच्या फटीत तिचं टोक घालून पाणी ओढायचं आणि बेसिनमध्ये सोडायचं. आठ-दहा पिचकाऱ्या निघायच्या. पाच मिनिटांचं काम. यांनी एवढंच विचारलं, की मग मला का नाही सांगितलं, मी पाटी काढली असती.

"कंपाउंडर, त्या आठवड्यात तुमची बाटली चुकली होती. चार दिवस तुम्ही डबा उघडत नव्हतात. पाटी लावलीत त्या दिवशी दुपारी तुम्ही जेवलात. पाटीही चुकली, असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

मी खूण केली, कपाटाचं विचारा.

"आणि कपाट, डॉक्टर?"

"कपाटाचं काय?"

"काही नाही," हे म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन न्हाणीघरात गेले. नळ बराच वेळ चालू होता.

मला आधी रागच आला, खोटं का बोलू? एवढा शहाणा माणूस, एक वाक्य बोलला असता तर आमची अकरा वर्षं वाचली असती. मग वाटलं, आपणही एक वाक्य विचारू शकलो असतो. मग ते लग्न आठवलं, ते पांघरूण, त्या ताकदीच्या गोळ्या. राग कुणावर धरायचा तेच समजेना. मी ती करडी पँट पुन्हा धुवायला घेतली.

झाडाचं अजूनही नक्की काही सांगता येत नाही. पाचातलं एक पान गेलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, एवढं मी यांना शिकवलं. दोनदा त्यानं तहानेनं मान टाकली आणि पाणी दिल्यावर संध्याकाळपर्यंत उचलली, तेव्हा हे चारचारदा उठून बघत होते. तिसाव्या तारखेला बुंध्यातून एक हिरवी सुरळी वर आलेली दिसली. फूल आहे की पान, यावर आमचा वाद झाला. पानच होतं.

एक तारखेला आम्ही दोघंही दवाखान्यात गेलो, झाड माझ्या हातात. पाटी यांनी काढली होती, भिंतीवर खिळा तेवढा राहिला होता. डॉक्टर काठी टेकत आले. खूप वाळले होते, पट्टा शेवटच्या भोकाला लावूनही पँट खाली येत होती, एका हातानं सावरत होते. त्यांनी ते चार पानांचं झाड बघितलं, त्या सुरळीला बोट लावलं आणि यांच्या पाठीवर हात ठेवला. मग बदली डॉक्टरिणीकडून परत घेतलेली कपाटाची किल्ली खिशातून काढून यांना दिली. एवढंच. हे किल्ली घेऊन आत गेले आणि बाटल्या पुसायला लागले, पुसलेल्याच.

मी तिथंच उभी राहिले. म्हटलं, डॉक्टर, ती पँट द्या माझ्याकडे, कंबर आत घेऊन देते.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "देतो. पण वहिनी, तुम्हाला ताप वगैरे नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "तेव्हाही नव्हता, डॉक्टर."

"माहीत आहे. थर्मामीटर मीच लावला होता."

मी पर्समधून टेप काढली आणि त्यांची कंबर मोजली. पँटच्या कमरेपेक्षा दोन इंच कमी भरली.